बँड बसवल्यावरचं रोजचं जेवण: काय उतरतं, काय अडकतं?

अबोली_डोंबिवली | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होते. मी ४४ वर्षांची, राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. २०१२ मध्ये मला गॅस्ट्रिक बँड बसवला. तेव्हा वजन ११८ किलो होतं, शुगर नुकतीच निघाली होती आणि गुडघ्यांमुळे स्टेशनचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागायचं. पुढच्या तीन वर्षांत ७६ पर्यंत उतरले. शुगरची गोळी बंद झाली. बँडबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा बसवतात. पट्ट्याच्या वर जेमतेम १५-३० मिलीची एक छोटी पिशवी उरते. खाल्लेलं आधी तिथे येतं आणि मग हळूहळू खाली उतरतं. पट्ट्याला आतून फुगा असतो, त्याची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. यात जठर कापत नाहीत.

आता मुद्दा. गेले तीन-चार महिने जेवण उतरतच नाही. पोळी तर केव्हाच सुटली. पोहे अडकतात, इडली अडकते, परवा मऊ वरणभाताचा तिसरा घास अडकला. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला चिकट पाणी सुटतं, आणि ते सगळं बेसिनमध्ये टाकेपर्यंत चैन पडत नाही. रात्री आडवी झाले की खोकला येतो, दोन उशा घेऊन झोपते. घरी सासूबाई म्हणतात, "तू घाईघाईत खातेस, चावत नाहीस." ते खरंही असेल. ऑफिसात जेवायला अर्धा तास, त्यात डबा गरम करायची रांग.

म्हणून मऊ खाण्यावर आले आहे. सकाळी चहात बुडवून मारी, दुपारी मिक्सरमधून काढलेला दहीभात, संध्याकाळी स्टेशनबाहेर कुल्फी किंवा मिल्कशेक, रात्री शेवयांची खीर नाहीतर शिरा. हे सगळं बिनबोभाट उतरतं. पण वजन ८२ झालंय आणि केस मुठीने जातायत.

डब्यात नेण्यासारखे आणि न अडकणारे पदार्थ सुचवाल का? मुंबईत राहून ज्यांनी हे निभावलंय त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.

---

कोकमसार | सोमवार, रात्री ११:२५

अबोलीताई, माझ्या आईचा बँड आहे, नऊ वर्षं झाली. आमच्या घरात जे चालतं ते सांगते.

मुगाचं धिरडं. सालाची मूगडाळ चार तास भिजवून, आलं-जिरं घालून वाटायची, पातळ धिरडी काढायची. पोळीसारखा गोळा होत नाही. पिठलं पातळ. अंड्याची भुर्जी, पण पाण्याचा हबका मारून ओलसर ठेवलेली. कोरडी झाली की तीच भुर्जी आईला चालत नाही. मासे खात असाल तर ओले बोंबील कालवणात, काटा काढून. तोंडात घालेपर्यंत विरघळतात. त्यात पाणी फार असतं, म्हणून पोटभर प्रोटीन मिळालं असं समजू नका. त्यासाठी बांगडा, सुरमई, रावस. तुकडा रश्शातला हवा, तळलेला नको. मटण आमच्याकडे बंदच, खिमा मात्र चालतो.

भाकरी आई कुस्करून खाते, ताज्या ज्वारीची, आमटीत पाच मिनिटं बुडवून. गव्हाची पोळी लोळागोळा होते तशी ती होत नाही. पावाचं तर नावच काढू नका. लाळेत भिजला की पुन्हा कणीक होतो आणि बूच मारल्यासारखा बसतो. वडापावातला वडा आई खाते, पाव आम्ही.

भाताचं प्रत्येकाचं वेगळं असतं. इंद्रायणीचा चिकट भात आईला त्रास देतो, कोलमचा मोकळा भात भरपूर आमटीत कालवला तर चार-पाच चमचे जातो.

---

मुलुंडचा_मी | मंगळवार, सकाळी ७:५०

चावण्याबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. घास करंगळीच्या नखाएवढा, २०-२५ वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा. माझ्या बायकोची स्लीव्ह झाली आहे (बँड नाही, तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात), तिलाही हेच सांगितलं होतं. आम्ही घरात लहान मुलांचे चमचे आणले.

---

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:१०

अबोली, पाककृती नंतर. आधी माझं ऐक.

रात्रीचा खोकला, दोन उशा, वरणभात अडकणं. हे घाईने खाल्ल्याने होत नाही. घाईने एखादा घास अडकतो, अधूनमधून. रोज मऊ खाणंही अडकत असेल आणि झोपल्यावर वर येत असेल, तर बँड घट्ट झालाय किंवा जागचा हललाय. कोणताही पदार्थ सुचवून याचा इलाज होणार नाही.

माझा बँड २०१० चा. पाचव्या वर्षी मला हेच सुरू झालं. मीही आठ महिने स्वतःला बोल लावत बसले. घरचेही तेच म्हणत. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन केला, तर सांगण्यात आलं, "मॅडम, डाएट पाळा." मी पाळत होते की! पाणीसुद्धा घोट घोट उतरेना तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बेरियम पाजून एक्स-रे काढला. बँडच्या खालचं जठर वर सरकलं होतं. बँड काढावा लागला.

वेळेत गेले असते तर नुसतं सलाईन काढून भागलं असतं का? माहीत नाही. पण ते आठ महिने मी अपराधी असल्यासारखी जगले, ते तरी वाचले असते.

आज फोन कर. आणि पाणीही उतरेनासं झालं किंवा पोटात जोराची कळ आली, तर वेळ न बघता थेट इमर्जन्सीला जा.

---

आहारवेल | मंगळवार, दुपारी २:१५

मी आहारतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण बघते. निळी_छत्रींना पूर्ण अनुमोदन. त्यात थोडी भर.

अबोलीताई, तुमचा दिवसभराचा आहार वाचला. बिस्किट, दहीभात, मिल्कशेक, खीर, शिरा. यात चूक तुमची नाही, हा बँडचा स्वभावच आहे. बँड घन पदार्थ अडवतो, पातळ आणि विरघळणारं अडवत नाही. कुल्फी सरळ खाली जाते, पोटाला भरल्याची जाणीवही होत नाही. शेव आणि वेफर्सही तोंडात भुगा होऊन उतरतात. बँड जितका जास्त घट्ट, तितका माणूस या पदार्थांकडे ढकलला जातो. म्हणून बँड जास्त घट्ट असूनही वजन वाढतं. 'घट्ट म्हणजे चांगला' ही समजूत मला रोज खोडून काढावी लागते.

प्रोटीनचं गणित बघा. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी लागतं. एका अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पेलाभर दुधात ६-७. तुमच्या सध्याच्या दिवसात २० ग्रॅमसुद्धा भरत नसावं. केस जातात त्याचं हे एक कारण असू शकतं. लोह, बी-१२ आणि डी तपासून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कित्येक आठवडे उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-१, म्हणजे थायमिन, संपू शकतं. त्याचा साठा मुळात थोडाच असतो. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, असं काही जाणवलं तर थांबू नका. आणि कुठेही ग्लुकोजची बाटली लावायची वेळ आली, तर "मला बँड आहे, महिनोन्‌महिने उलट्या होतायत, आधी थायमिन द्या" हे तोंडाने सांगा. आधी नुसतं ग्लुकोज गेलं तर हा त्रास उलट वाढू शकतो.

मोठ्या गोळ्या अख्ख्या गिळू नका, पातळ औषध मिळतं का विचारा. काही गोळ्या कुटून घ्यायच्या नसतात, त्यामुळे तेही विचारूनच. डोकं-गुडघे दुखले म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्या मनाने नको.

---

अबोली_डोंबिवली | मंगळवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. निळी, तुझा तर रडतच वाचला.

खरं सांगू? मला आतून माहीत होतं. मागच्या वर्षी वजन दोन किलो वाढलं म्हणून मीच हट्टाने फिल करून घेतला होता, म्हणजे सलाईन भरून बँड आणखी घट्ट. डॉक्टर म्हणाले होते, थांबूया. मी ऐकलं नाही. त्यानंतरच हे सुरू झालं, हळूहळू.

आता सलाईन काढलं तर भूक पूर्वीसारखी लागेल आणि मी परत ११८ वर जाईन, ही भीती आहे. ज्यांचं वजन कधीच तेवढं नव्हतं त्यांना ती कळणार नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकले की बाकीच्या तिघी ज्या नजरेने बघायच्या ती नजर मी विसरलेले नाही. रोजचं बेसिनपाशी उभं राहणं मला त्यापेक्षा सोपं वाटत आलंय.

---

फास्ट_लोकल | बुधवार, सकाळी ८:३०

अबोलीताई, आत्ता गाडीतूनच लिहितेय, बदलापूरहून.

माझा बँड ७ वर्षांचा. एकदा सकाळी घाईत अर्धं सँडविच खाऊन गाडीत चढले आणि कल्याण सुटल्यावर ते अडकलं. लेडीज डब्यात हलायला जागा नाही, तोंडाला फेस येतोय, ठाणं येईतो रुमाल तोंडाशी धरून उभी. एका अनोळखी बाईने स्वतःचा डबा रिकामा करून माझ्यापुढे धरला. त्या दिवसापासून माझा नियम, घरून निघण्याआधी घन काहीही नाही. तसंही माझा बँड सकाळी आवळल्यासारखा असतो, बऱ्याच जणींना तसं होतं. उठल्यावर कोमट पाणी, मग ताक किंवा सत्तू, आणि खरा नाश्ता ऑफिसात पोचल्यावर दहा वाजता.

पाण्याचंही वेळापत्रक आहे. जेवणाआधी थोडा वेळ बाटली बंद, जेवताना अजिबात नाही, जेवल्यावर निदान अर्धा-पाऊण तास नाही. जेवताना पाणी प्यायलं की खाल्लेलं धुऊन खाली जातं आणि तासाभरात भूक. अडकलं असेल तर वरून पाणी ओतणं हा सगळ्यात वाईट उपाय, ते वरच येतं. अशा वेळी उभं राहायचं, चालायचं, वाट बघायची. मे महिन्यातल्या मुंबईत हे फार जड जातं, म्हणून मधल्या वेळात घोट घोट चालूच ठेवते. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद.

थांबायची खूण प्रत्येकाची वेगळी. मला उचकी येते. माझ्या मैत्रिणीचं नाक वाहायला लागतं. ती खूण आली की ताटात एक घास उरला असला तरी तो उरू द्यायचा. लहानपणापासून "पानात टाकू नये" ऐकलेल्या आपल्या पिढीला हे सगळ्यात कठीण. मी वाढूनच तीन चमचे घेते, म्हणजे टाकायचा प्रश्न येत नाही.

---

तिठा | बुधवार, सकाळी ११:००

कुणाला दुखवायचं नाही, पण पोटात पट्टा बसवून आयुष्यभर हे सगळं सोसण्यापेक्षा रोज तासभर चाललं असतं तर?

---

मुलुंडचा_मी | बुधवार, दुपारी १२:२०

तिठा, माझी बायको दहा वर्षं चालली. रोज. तीन आहारतज्ज्ञ झाले. १५ किलो उतरवले आणि २० परत आले, दोनदा. एवढ्या वजनाला शरीर स्वतःच ते धरून ठेवायला बघतं, भुकेची संप्रेरकं वाढतात. शस्त्रक्रिया करणारे लोक चालायचा कंटाळा आला म्हणून तिथे जात नाहीत. २०१७ मध्ये इजिप्तच्या अतिशय वजनदार इमान अहमदला उपचारांसाठी चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलात आणलं होतं, तेव्हापासून आमचे नातेवाईक बायकोला तिचंच उदाहरण देत, "तुला कुठे तेवढं आहे?" शुगर, झोपेत श्वास अडकणं, हे त्यांना दिसत नव्हतं.

आणि एक कबुली. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यात जास्त त्रास तिला मी दिला. "एवढंसंच? अजून एक घास घे, माझ्यासाठी." आमच्याकडे प्रेम आग्रहातूनच दाखवतात, मला दुसरी रीत येत नव्हती. एका गणपतीत माझ्या आग्रहाखातर तिने उकडीचा अख्खा मोदक खाल्ला आणि आरतीच्या वेळी ती बाथरूममध्ये होती. तेव्हापासून मी तिच्या ताटाकडे बघत नाही, तिच्याशी बोलत बसतो.

---

शोधतोय_पर्याय | बुधवार, रात्री ९:४५

मध्येच विचारतो. माझं वजन १२६ आहे, डॉक्टर स्लीव्ह म्हणतायत. कापाकापी नको म्हणून मी बँडचा आग्रह धरू का?

---

निळी_छत्री | बुधवार, रात्री १०:३०

धरू नकोस. बँड आता मुंबईतच काय, जगभरातच फार कमी बसवतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्याचा जोर होता. सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं, वजन पुरेसं न उतरणं यांमुळे कित्येकांचे काढावे लागले. आता बहुतेक स्लीव्ह नाहीतर बायपास (हृदयाचा नव्हे, यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात). त्यांचेही आपापले त्रास आहेत, स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, बायपासनंतर गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहीन.

अबोली, तू फोन केलास का?

---

अबोली_डोंबिवली | गुरुवार, दुपारी १:३५

केला. शनिवारची वेळ मिळाली आहे.

---

अबोली_डोंबिवली | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१५

आठ दिवसांनी येतेय, आधी बातमी.

बेरियमचा एक्स-रे झाला. बँड जागेवर आहे. पण त्याच्या वरची पिशवी ताणली गेली आहे आणि अन्ननलिका थोडी रुंद झाली आहे. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सगळं सलाईन काढलं. पोर्टमध्ये सुई घातली, मिनिटभराचं काम. नंतर ग्लासभर पाणी प्यायला दिलं. मी सवयीने घोट घोट घेत होते, ते म्हणाले, नीट प्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाणी गटागट उतरलं. मी तिथेच रडले.

त्या रात्री एका उशीवर झोपले. खोकला नाही.

थोडे दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. सहा आठवडे बँड रिकामा ठेवायचा, परत एक्स-रे, आणि भरायचा झाला तर थोडा थोडा. कदाचित भरायचाच नाही आणि पुढे बायपासचा विचार करायचा, तेही बोलणं झालं. बी-१२ आणि लोह, दोन्ही कमी निघालंय. थायमिन सुरू केलंय. आहारवेल, तुम्ही लिहिलं नसतं तर मी उलट्या किती महिन्यांच्या ते सांगितलंच नसतं. लाज वाटायची.

भूक लागते आहे. खूप. त्याची भीती गेलेली नाही. पण मला एक दिसलं. चार महिने मी जेवतच नव्हते, फक्त गोड गिळत होते. आज दुपारी सासूबाईंनी बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण केलं. त्यांना मी एक्स-रेचा कागद दाखवला होता, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण आज काटे काढून मासा वेगळ्या वाटीत ठेवला होता, माझ्यासाठी. आधी मासा संपवला, मग दोन चमचे भात. पंचवीस मिनिटं लागली. उतरलं सगळं. साडेचारपर्यंत भूक नव्हती.

डब्याचं ठरवलंय ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडलं तर. दहा वाजता एक उकडलेलं अंडं, नीट चावून, किंवा ओलसर भुर्जी. एक वाजता मुगाचं धिरडं नाहीतर मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, आणि दही. साहेबांशी बोलले, जेवणाची सुट्टी पाऊण तासाची करून संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त थांबणार. एवढी वर्षं विचारलंच नव्हतं, ते लगेच हो म्हणाले. संध्याकाळी कुल्फीच्या गाडीऐवजी पर्समध्ये पनीरचे तुकडे.

---

फास्ट_लोकल | रविवार, रात्री ८:००

ताई, वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. मंगळवारी अंगारकी आहे, उपास धरणार असाल तर साबुदाण्याच्या खिचडीपासून लांब राहा. बँड सैल असला तरी ताणलेल्या पिशवीला तो चिकट गोळा नको.

---

अबोली_डोंबिवली | रविवार, रात्री ९:२०

खिचडी माझी २०१२ पासूनच सुटली. वरीचे तांदूळ पातळ शिजवून दाण्याच्या आमटीत खाते, सोबत ताक. या वेळी उपासच धरणार नाही, सासूबाईच म्हणाल्या. त्या धरतील, माझा पण.

---

कोकमसार | रविवार, रात्री ९:५०

आमटीतले दाणे बारीक वाटून घे गं. आईला अर्धे दाणे अडकतात. आणि शेवग्याची शेंग चोखायची नाही, गर खरवडून घ्यायचा, धागे फार वाईट.